पुण्यतिथी नव्हे, स्मृतिदिन!

डिसेंबर जवळ आला की आपल्याच वस्त्यांतल्या बॅनरवर 'बाबासाहेबांची पुण्यतिथी' असे शब्द दिसतात. शब्दाने काय फरक पडतो, असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, पडतो.

मृताचे वर्षश्राद्ध तिथीने घालतात. 'पुण्यतिथी' या शब्दाला त्या विधीचा वास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी श्राद्ध आणि पिंडदान नाकारले. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत ते गेले. तथागतांच्या देहान्ताला बौद्ध परंपरा महापरिनिर्वाण म्हणते. धम्म देणाऱ्या बाबासाहेबांसाठी समाजाने तोच शब्द स्वीकारला. म्हणून असे लिहा : '६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिनानिमित्त विनम्र अभिवादन.'

पण उत्साहाच्या भरात हाच शब्द सर्वांना लावू नका. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. ते बौद्ध नव्हते, सत्यशोधक होते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच सावित्रीमाईंचा १० मार्च १८९७ रोजी बळी घेतला. या दोघांसाठी 'स्मृतिदिन' हाच योग्य शब्द. आणि जयंती 'साजरी' करतात, स्मृतिदिन 'पाळतात', हेही ध्यानात ठेवा.

फुल्यांच्या सत्यशोधकांनी भटाशिवाय लग्ने लावली, बाबासाहेबांनी श्राद्ध नाकारले. दारातून हाकललेला भट आपल्या बॅनरवरच्या शब्दातून परत घरात येऊ देऊ नका.

जयभीम!