औंध संस्थानची स्वराज्य-घटना

औंधच्या पंतप्रतिनिधींचें घराणें या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. राजाराम छत्रपतींनीं जिंजीच्या मुक्कामीं प्रतिनिधिपद निर्माण करून तें प्रथम प्रल्हाद निराजी यांस दिलें, पुढें तें किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या घराण्यांत स्थिरावलें, आणि इ. स. १८२० च्या तहान्वयें कंपनी सरकारनें त्यांची जहागीर मान्य केली. एवढा भाग सर्वश्रुत असल्यामुळें तो आम्ही येथेंच सोडतों. आमचा विषय त्याच गादीचें अखेरचें दशक हा आहे. मोडी रुमालांस जपणारे आमचे संग्राहक-मित्र या दशकाकडे अगदींच ‘कालचें’ म्हणून पाहतात, ही आमची तक्रार आहे.

संस्थान लहान व विस्कळित. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे चार तालुके, त्यांत बहात्तर गांवें. क्षेत्रफळ सुमारें ५०१ चौरस मैल आणि इ. स. १९३१ साली वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तालुके एकमेकांस लागूनही नव्हते. अशा संस्थानचे अधिपति श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब यांनीं आपला सत्तरावा वाढदिवस झाल्यावर, १९३८ च्या अखेरीस, सत्ता रयतेच्या हातीं देण्याचा निश्चय जाहीर केला. मसुद्याच्या कामीं त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर पुढें होते. सल्ला महात्मा गांधींचा होता. जानेवारी १९३९ मध्यें घटना अंमलांत आली.

तिची रचना अशी. प्रत्येक गांवानें पांच पंच निवडावे. गांवोगांवच्या पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका-समिति व्हावी. आणि तालुका-समित्यांकडून मध्यवर्ती विधिमंडळावर सभासद जावे. कॅरिबियन समुद्रांतील डॉमिनिका बेट विस्तारानें औंधाहून लहान, वस्तीनें जवळजवळ तेवढेंच. तें ३ नोव्हेंबर १९७८ रोजीं स्वतंत्र झालें आणि त्याच्या एकाच सभागृहांत २१ निर्वाचित सभासद व ९ सेनेटर बसतात. तेथील मतदार सभागृहाचा सभासद थेट निवडतो. औंधचा मतदार आपल्या गांवचे पंच तेवढे निवडी.

या भेदावरून आम्हांस मीमांसाशास्त्रांतील एक अधिकरण आठवतें. सोम न मिळाल्यास पूतीक घ्यावा. मुख्य द्रव्याच्या ठायीं असें जें येतें तें प्रतिनिधि. परंतु कर्माचा स्वामी जो यजमान त्यास प्रतिनिधि नाहीं, असा जैमिनीच्या सहाव्या अध्यायांतला निर्णय आहे (सत्राचा अपवाद सोडून). ज्या घराण्याचें पदच ‘प्रतिनिधि’, त्यानें १९३९ साली रयतेस स्वामी केलें. पण ती रयत विधिमंडळांत पोंचली ती प्रतिनिधीच्या प्रतिनिधीमार्फत. हा आक्षेप लहान नाहीं. त्यास उत्तर एकच संभवतें: या घटनेंत सत्तेचें मूळ ठाणें विधिमंडळ नसून गांव होतें. महसुलाचा मोठा भाग खालींच रहावा आणि गांवचे तंटे गांवींच तुटावे, हा तिचा गाभा होय. हें उत्तर आम्हांस बव्हंशीं मान्य आहे.

मात्र ‘ही जुन्या गोतसभेचीच पुनःस्थापना’ असें जें कित्येक लिहितात, तें आम्हांस मान्य नाहीं. महजरांवरील निशाण्या पाहाव्या. पाटलाचा नांगर, त्याखालीं इतर वतनदारांच्या व बलुत्यांच्या खुणा. तेथें प्रत्येकजण जन्मानें बसलेला आहे. औंधचा पंच मतानें बसे. नांव सारखें म्हणून वस्तु सारखी होत नाहीं.

घटनेच्याच काळांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची बंदी-वसाहत निघाली. तिच्यावरून १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखांतले. १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारनें गांवोगांव न्यायदान-मंडळें चालविलीं, त्यांत कुंडल हें मोठें ठाणें होतें, आणि कुंडल औंधाचें. पंचायतीची संवय या मंडळांस कितपत उपयोगीं पडली, हा प्रश्न कागदांवरूनच सुटेल.

८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. औंध सातारा जिल्ह्यांत राहिलें; आटपाडी व कुंडल १९४९ साली झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेलीं, ज्यास १९६० पासून सांगली म्हणतात; गुणदाळ आज कर्नाटकांत आहे. दप्तरही तसेंच वांटलें जाणें क्रमप्राप्त होतें. म्हणून विनंति इतकीच कीं, या बहात्तर गांवांपैकीं कोठेंही १९३९ ते १९४८ पर्यंतचें पंचायतीचें ठरावबुक, निवाड्याची वही किंवा वसुलाचा तक्ता चावडींत वा माळ्यावर आढळल्यास तो रद्दींत घालूं नये. गांव व तालुका नमूद करून मंडळास कळवावें.