तापीकाठचा धडा

सुरतेच्या डिंडोलीत अहिराणी सहज कानी पडते. ती बोलणारी, खानदेशातून आलेली माणसं इथल्या मागांवर आणि कापड रंगवणाऱ्या गिरण्यांत रुळली.

गिरण्यांच्या या शहरात १९६१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, तेव्हा ‘शाश्वत विकास’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. ब्रुंटलँड अहवालाने तो १९८७मध्ये जगभर नेला. आपल्याकडे पर्यावरण वर्गात शिरलं ते कोर्टाच्या दारातून: एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. पुढे बऱ्याच ठिकाणी तो घोकून पास व्हायचा पेपर झाला, हे वेगळं!

सुरतेत पुस्तकाची गरजच काय? धडे शहरानेच दिले: १९९४ची प्लेगची साथ, ऑगस्ट २००६चा तापीचा पूर. आणि २०१४ पासून बमरोलीचा प्रकल्प: रोज चार कोटी लिटर क्षमतेचा. त्यात शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी पांडेसऱ्याचे कारखाने विकत घेतात.