गर्भनिरोधक गोळ्या आणि नैराश्य : आकडे काय सांगतात, काय नाही

गोळी सुरू केल्यापासून चिडचिड वाढली, उगाच रडू येतं, कशात मन लागत नाही, अशी तक्रार बायका गेली कित्येक वर्षं करत आल्या आहेत. बहुतेक वेळा ती 'मनाचे खेळ' म्हणून बाजूला सारली गेली. २०१६ मध्ये डेन्मार्कमधून मोठे आकडे आले आणि विषय गांभीर्याने घ्यावा लागला.

त्या देशात प्रत्येक नागरिकाच्या नावावर औषधांची सरकारी नोंद असते. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून अधिक महिलांच्या नोंदी तपासल्या. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक न वापरणाऱ्या १००० जणींमागे वर्षाला साधारण १७ जणींना पहिल्यांदा नैराश्यावरचं औषध सुरू झालं, वापरणाऱ्यांमध्ये २२ जणींना. म्हणजे हजारात पाच जास्त. घाबरून जावं इतका हा फरक नाही, पण दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही.

खरी काळजी १५ ते १९ वयोगटाची. या मुलींमध्ये नेहमीच्या मिश्र गोळीने (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या) हे प्रमाण १.८ पट झालं, तर फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळीने २.२ पट. सुरुवातीच्या सहा महिन्यांत धोका सर्वाधिक दिसला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने २०२३ मध्ये ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक महिलांची माहिती तपासली, तिथेही गोळीची पहिली दोन वर्षं आणि किशोरवय हेच नाजूक ठरले.

मग गोळीमुळेच नैराश्य येतं का? इथे घाई नको. गोळी सुरू होते त्याच वयात नवं नातं, कॉलेज, घरातले ताण सुरू होतात. सरकारी नोंदीत हे दिसत नाही. उलट बाजूही आहे. ज्यांना त्रास होतो त्या गोळी सोडून देतात, मग वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत सोसणाऱ्याच उरतात आणि गोळी निर्धोक वाटू लागते. स्वीडनमध्येच ३४० निरोगी महिलांपैकी निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी तीन महिने दिली गेली. गोळी घेणाऱ्यांना एकूण बरं वाटण्याचं प्रमाण घटलं, पण नैराश्याच्या लक्षणांत ठोस फरक आढळला नाही. काहींना तर गोळीने पाळीआधीची चिडचिड कमी होऊन बरंच वाटतं.

युरोपच्या औषध नियामक संस्थेने मात्र २०१९ च्या सुमारास या औषधांच्या माहितीपत्रकात इशारा घालायला सांगितलं: मन खचणं किंवा आत्महत्येचे विचार जाणवले तर लगेच डॉक्टरांना गाठा.

आपल्याकडे प्रश्नाला वेगळा पदर आहे. या गोळ्या बऱ्याचदा कुटुंबनियोजनासाठी नव्हे, तर पीसीओडी, अनियमित पाळी किंवा मुरुमांसाठी लिहून दिल्या जातात, आणि त्याही अविवाहित मुलींना. पाकिटावर 'गर्भनिरोधक' छापलेलं, म्हणून ते कपाटात लपवलं जातं. घरात कुणाला माहीतच नसेल तर मुलगी गप्प गप्प का झाली, हे विचारणार कोण? त्यात आतलं माहितीपत्रक बारीक अक्षरातलं इंग्रजी.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट न लाजता सांगावी: पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, घरात आई-मावशी-बहिणीला आहे का. सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. झोप, भूक, रडू, चिडचिड यांत बदल दोन आठवडे टिकला तर पुढच्या भेटीची वाट पाहत बसू नये. मात्र कुणाला न विचारता गोळी मध्येच सोडणंही बरं नव्हे. नको असलेली गर्भधारणा आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य हेही मनावरचे मोठे घाव आहेत.

पर्याय आहेत. सरकारी दवाखान्यातल्या 'माला-एन' गोळीत आणि 'अंतरा' इंजेक्शनात संप्रेरकं असतात. 'अंतरा' एकदा टोचलं की तीन महिने परत काढता येत नाही, त्यामुळे मनाचा त्रास आधीपासून असलेल्यांनी ते घेताना जास्त विचार करावा. तांबी, म्हणजे कॉपर-टी, आणि निरोध यांत संप्रेरक नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली 'छाया' गोळीही संप्रेरकाची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. पीसीओडी असलेल्यांना मात्र ती देत नाहीत. ही नावं राज्यागणिक बदलत नाहीत. बेळगाव, इंदूर कुठेही आशाताईंना याच नावांनी विचारता येतं.

मन फारच खचलं, जीव नकोसा वाटू लागला, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.