सायलेन्सरमधून पांढरा, निळा की काळा धूर? गाडीचं दुखणं रंगावरून असं ओळखतात

स्वारगेटच्या जेधे चौकात सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं, तरी धुराचे बहुतेक रंग बघायला मिळतात. स्टँडमधून बाहेर पडणारी एसटी, पीएमपीची सीएनजी बस, रिक्षा, मालाने भरलेला टेम्पो आणि मध्येच एखादी जुनी कार, जी सिग्नल सुटताच मागच्या दुचाकीवाल्याला निळ्या ढगात सोडून निघून जाते. त्या कारच्या मालकाला बहुधा याचा पत्ताही नसतो, कारण धूर मागे निघतो आणि चालक पुढे बघत असतो.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये फक्त हवा आणि इंधन जळायला हवं. तिथे पाणी किंवा कूलंट शिरलं की धूर पांढरा होतो, इंजिन ऑईल शिरलं की निळा, आणि हवेच्या मानाने इंधन जास्त झालं की काळा. एवढं अनेकांना ठाऊक असतं. पण गॅरेजमध्ये बिल पाच पट वाढतं की वाचतं, ते धूर नेमका कधी येतो यावर ठरतं.

पांढरा धूर : घाबरायचं कधी?

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातली सकाळ चांगलीच गार असते. तेव्हा गाडी सुरू केल्यावर पांढरट वाफ निघते, सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंबही पडतात. यात काहीच बिघडलेलं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन उडून जातं, पण गार पाइपमध्ये त्याचे थेंब बनतात. गाडी चार-पाच किलोमीटर चालली की हे थांबतं.

थांबलं नाही, धूर दाट असला, हवेत रेंगाळत राहिला आणि त्याला गोडसर वास येत असला, तर मात्र कूलंट जळत आहे असं समजावं. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं, कधी सिलिंडर हेडलाच तडा असतो. खात्रीसाठी कूलंटच्या टाकीतली पातळी बघावी. बाहेर कुठे गळती नसताना ती वरचेवर कमी होत असेल, तर संशय पक्का होतो. ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसणं हीसुद्धा एक खूण. मात्र रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही थंडीत असा थोडा फेस जमतो, त्यामुळे एकट्या फेसावरून इंजिन उघडायला देऊ नये. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडू नये. आतलं उकळतं पाणी दाबाने थेट अंगावर येतं.

अशी गाडी ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून चालवणं महागात पडतं. नुसतं गॅस्केट बदलून भागलं असतं, तिथे तापून हेड वाकतं. तापमानाचा काटा वर चढला की गाडी बाजूला घेऊन टोइंग बोलावणं स्वस्त पडतं.

डिझेल गाडीत पांढऱ्या धुराचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे न जळलेलं डिझेल. हा धूर डोळ्यांना झोंबतो. ग्लो प्लग किंवा इंजेक्टरकडे बघावं लागतं.

निळा धूर : कात्रज घाटाची परीक्षा

‘गाडी ऑईल खाते’ म्हटलं की लगेच ‘इंजिनाचं काम निघालं’ असं ऐकू येतं. नेहमी तसं नसतं, आणि ते तपासायला स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रजचा जुना घाट गाठला तरी पुरतं. सोबत कोणाला तरी दुसऱ्या गाडीत मागे ठेवावं.

घाट चढताना, इंजिनावर जोर असताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजल्याची शक्यता जास्त. हे मोठं काम. पण चढताना धूर नाही, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत आली आणि खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा भपका आला, तर संशय व्हॉल्व सीलवर जातो. पेट्रोल इंजिनात उतारावर आत मोठी पोकळी तयार होते आणि कडक झालेल्या सीलमधून ती ऑईल खाली ओढते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच एकच निळा भपका येणं हेही त्याच दुखण्याचं लक्षण. सील बदलणं हे संपूर्ण इंजिन बांधण्यापेक्षा बरंच छोटं काम आहे. म्हणून इंजिन उघडायला होकार देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट मागावी. सिलिंडरमध्ये थोडं ऑईल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर दोष रिंगांकडे जातो.

कधी कारण अगदीच किरकोळ असतं. सर्व्हिसिंगमध्ये ऑईल जास्त भरलेलं असतं किंवा पीसीव्ही व्हॉल्व तुंबलेला असतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सील गेलेलं असू शकतं. असं डिझेल इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन आपोआप सुसाट फिरू लागलं, तर चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला की ते बंद पाडता येतं.

पुणेकरांच्या एका पिढीला निळा धूर म्हणजे बिघाड वाटतच नाही. जुन्या चेतक आणि लुना टू-स्ट्रोक होत्या, त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेलं असायचं. त्यांचा निळा धूर रीतसर होता. आजच्या कारचा नाही.

काळा धूर : आधी एअर फिल्टर बघा

पेट्रोल गाडीत काळा धूर आणि घसरलेलं ॲव्हरेज जोडीनेच येतात. एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, या क्रमाने बघावं. दुर्लक्ष केलं तर जास्तीचं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी होतो.

जुन्या डिझेल गाडीने भरल्या वजनाने चढावर थोडा काळा धूर सोडला, तर ते समजण्यासारखं आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल कारमध्ये मात्र काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तिच्यातून काळा धूर दिसला, तर हा फिल्टर फुटलेला तरी आहे किंवा कोणीतरी काढून टाकलेला. जुनी गाडी घेणाऱ्यांनी सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवून बघावं, अर्थात इंजिन गार असताना. स्वारगेट ते डेक्कन एवढ्याच गर्दीत रोज फिरणाऱ्या गाडीत हा फिल्टर पुरेसा तापत नाही, जमलेली काजळी जळत नाही आणि दिवा लागतो. मग हमरस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवायला सांगतात, ते यासाठीच.

पीयूसी आहे, मग चिंता कशाला?

पेट्रोल गाडीची पीयूसी इंजिन जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. उतारानंतर येणारा निळा भपका तिथे दिसत नाही. तेव्हा पीयूसी म्हणजे इंजिन ठणठणीत असल्याचा दाखला नव्हे. तरीही ती हवीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या यादीत न बसणारा सर्वांत घातक वायू म्हणजे तोच कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरमधून काहीच दिसत नसलं, तरी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं. धुराची तपासणीही मोकळ्या जागेतच करावी. आणि जुनी कार बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगावं, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघावा. ते गरम लागलं, तर सकाळचा पहिला धूर कोणीतरी आधीच उडवून टाकलेला असतो.