गळणं, पाट आणि आमची गल्ली



चातुर्मास जवळ आला की मी गळण्यासाठी नवं कापड आणते. यंदा ते दुहेरी करून शिवताना धुळ्याची आजी आठवली, आणि तिच्यामागून धुळ्याचा जुना इतिहासही आठवला. दोन्हींचा संबंध आपल्या आजच्या पाण्याशी आहे, म्हणून हा लेख.

माझं माहेर धुळ्याचं. घरात नळ आला होता, तरी आजी वाड्यातल्या विहिरीचंच पाणी शेंदायची. पाणी जाड, दुहेरी कापडातून गाळायचं, हे आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल. पण त्यानंतरची पायरी आता फार थोड्या घरांत उरली आहे. गाळून झाल्यावर आजी गळणं उलटं करून त्यावरून गाळलेलंच थोडं पाणी सोडायची. त्यात उतरलेले बारीक जीव म्हणजे जीवाणी. ती मोरीत ओतायची नाही, दुसऱ्या विहिरीतही टाकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, तिच्यातच परत सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली होती. ती दोराने खाली सोडायची, पाण्याला टेकली की हलकेच उलटी व्हायची. वरून ओतलं तर जीवांना मार लागतो, म्हणून एवढी खटपट.

लहानपणी मला हा नुसता सोवळेपणा वाटायचा. आता वाटतं, या एका नियमामुळे घरातल्या प्रत्येक बाईला आपलं पाणी कुठून येतं हे माहीत असायचं. विहीर किती खाली गेली, हे तिला दोराच्या वेढ्यांवरून कळायचं.

आता धुळ्याच्या इतिहासाकडे वळते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ठरवलं. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. ब्रिग्जने गावाचं जे वर्णन केलं आहे ते मला फार आवडतं. बागायतीने वेढलेलं आणि एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला नदी यांच्या मध्ये बसलेलं छोटं गाव, असं ते वर्णन आहे. पुढे त्याने नवी पेठ आखली, घरांसाठी जागा बिनभाड्याने दिल्या, व्यापाऱ्यांना बोलावलं. धुळे वाढलं ते तेव्हापासून.

तो पाट म्हणजे आपल्या खानदेशाची फड पद्धत. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वीपासून लहान लहान बंधारे बांधले आणि पाट काढले. पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग करायचे, त्या भागाला म्हणायचं फड. एका फडात एकच पीक घ्यायचं, आणि दर वर्षी फडांची पिकं बदलायची. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. कारभार शेतकऱ्यांनी निवडलेले पंच पाहायचे. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. त्यांना मोबदला बहुधा धान्यात मिळायचा. पाटातला गाळ काढायला आणि बंधारा दुरुस्त करायला सगळ्यांनी यायचं.

या पद्धतीतलं खरं शहाणपण दुष्काळात दिसायचं. पाणी कमी असलं तर पंच ठरवायचे की यंदा दोनच फड भिजवायचे. प्रत्येकाची जमीन सगळ्या फडांत असल्यामुळे नुकसानही सगळ्यांना वाटून यायचं. कोणी एकटा बुडायचा नाही आणि कोणी एकटा तरायचाही नाही.

१८८४ मध्ये पुण्याहून नुकतेच इंजिनिअर झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या खानदेशात आले. धुळ्याच्या पश्चिमेला दातर्ती गावी पांझरेच्या एका प्रवाहातून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांनी पावसाळ्यात, पुराचा त्रास सोसून पुरं केलं. पुढे सारा देश ज्यांना मोठे इंजिनिअर म्हणून मानू लागला, त्यांचे पहिले धडे आपल्या पांझरेवरचे आहेत.

मग पाट जाऊन नळ आले. जळगावचंही तसंच. कापसाच्या व्यापारावर आणि रेल्वेवर गाव वाढलं, पोलन पेठ वसली, मेहरूण तलावाचं पाणी नळाने गावात आलं. नळामुळे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे उपकार मी विसरणार नाही. पण सोबत एक गोष्ट गेली. पाणी कुठून येतं, हे घराला माहीत असण्याची गरज उरली नाही. विहिरी बुजल्या. आम्ही गाळत राहिलो, पण जीवाणी सिंकमध्ये जाऊ लागली. तिकडे वर धरणं झाली, शेतात मोटारी आल्या आणि फडही बरेचसे मोडले.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती लपवून हा लेख पुरा होणार नाही. लग्न होऊन मी जळगावला आले. आमच्या गल्लीत बारा घरं. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आमचं बोअर आटलं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. आम्ही मशीन बोलावून बोअर १०० फूट आणखी खोल नेलं. पाणी लागलं, पेढे वाटले. पंधरा दिवसांत शेजारच्या वहिनींचं बोअर आटलं. त्या काही बोलल्या नाहीत. रोज टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या राहायच्या, आणि मी गच्चीवरून बघायची.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या, म्हणजे गरज नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं. मी पाणी गाळत होते, पण त्याच पाण्यासाठी शेजारणीचा घडा रिकामा केला होता. त्या वर्षी पर्युषणात क्षमा मागायला पहिल्यांदा त्यांच्याच दारी गेले.

त्यानंतर आमच्या भिशीत विषय निघाला. मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशोब माझ्याकडे आला. १ चौरस मीटर छतावर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. १,००० चौरस फूट छत म्हणजे ९३ चौरस मीटर. जळगावला वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस धरला तर ६५,१०० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी एका छताचे सुमारे ५२,००० लिटर, आणि ते सगळं आम्ही गटारात सोडत होतो. जमेची बाजू कोरी आणि खर्च रोजचा, असं खातं कोणत्या दुकानात चालेल?

भिशीचे दोन हप्ते आम्ही पाइपांना दिले. वहिनींच्या आटलेल्या बोअरभोवती खड्डा घेतला, त्यात दगड, खडी आणि वाळूचे थर भरले. जवळच्या पाच छतांचं पाणी तिकडे वळवलं. पहिल्या पावसाचं पाणी मात्र छत धुऊन बाहेर सोडायचं, हा नियम. एका घरातून हरकत आली, "आमच्या छताचं पाणी दुसऱ्याच्या बोअरमध्ये का म्हणून?" तेव्हा मी फडाची गोष्ट सांगितली. जमिनीखाली कुंपण नसतं, तिथे आपण सगळ्या एकाच फडात आहोत. त्या घराचा पाइप दुसऱ्या वर्षी आला.

चमत्कार झाला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात वहिनींच्या बोअरला सकाळी अर्धा तास पाणी होतं. आता बोअर कोणी किती वेळ चालवायचं, हे मार्चमध्ये बसून ठरतं. कमी असलं तर सगळ्यांनाच कमी.

हे आपल्या मातीत नवं नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या सोबतीने स्वतः नियम करून जंगल राखलं, त्यातून गावाला पाणी मिळालं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जळगावच्या भवरलालजी जैन यांनी शेतकऱ्याला ठिबक देऊन थेंब मोजायला शिकवलं. शेतातला माणूस थेंब मोजतो, तर आपण गच्चीवरचा पाऊस का मोजू नये?

या चातुर्मासात एक नियम घेऊन बघा. गळणं तर घ्याच, पण आपलं पाणी कुठून येतं तेही एकदा जाऊन पाहून या. शेजारणीला सोबत न्या. आजीची ती बादली आता माझ्याकडे आहे. विहीर नाही, म्हणून ती त्या खड्ड्याशेजारी टांगून ठेवली आहे.

लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असल्यास मिच्छामि दुक्कडम्.