बर्टा शारर आणि चेतास्रावाची संकल्पना

झुरळाच्या चेतासंस्थेच्या आकृतीत मेंदूच्या मागे दोन लहान जोड्या दाखवलेल्या असतात : कॉर्पोरा कार्डियाका आणि कॉर्पोरा अलाटा. प्राणिशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी ही नावे परीक्षेपुरती पाठ करतात. या जोड्या मेंदूशी कशा जोडलेल्या आहेत, आणि त्या जोडणीवरून मासा, बेडूक आणि माणूस यांच्या मेंदूबद्दल काय समजते, हे ज्यांच्या संशोधनातून पुढे आले त्या बर्टा शारर (१९०६–१९९५) जर्मनीतून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या होत्या. या संशोधनाचा मोठा भाग झाला तेव्हा त्यांना कोणत्याही विद्यापीठात नियमित पगाराचे अध्यापकपद नव्हते. चेताविज्ञानाच्या इतिहासात या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. येथे त्या एकत्र पाहायच्या आहेत.

आधी प्रश्न काय होता ते पाहू. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शरीरक्रियाशास्त्रात कामाची वाटणी ठरलेली होती. चेतापेशी निरोप वाहून नेते. ग्रंथी संप्रेरक तयार करून रक्तात सोडते. एकच पेशी ही दोन्ही कामे करते, असे म्हणणे विचित्र वाटे. १९१९ मध्ये कार्ल स्पायडेल यांनी स्केट माशाच्या मज्जारज्जूत ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या चेतापेशींचे वर्णन केले, पण त्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९२८ मध्ये एर्न्स्ट शारर या तरुण जर्मन संशोधकाने एका लहान गोड्या पाण्यातील माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये तशाच पेशी पाहिल्या. त्यांत स्रावाचे थेंब आणि कण दिसत होते. या पेशी संप्रेरके तयार करत असाव्यात आणि त्यांचा संबंध पोषग्रंथीच्या कार्याशी असावा, असे त्यांनी मांडले. विरोध तीव्र होता. हे कण म्हणजे मरणाऱ्या पेशींची लक्षणे आहेत, किंवा ऊतक टिकवताना आणि रंगवताना तयार झालेला दोष आहे, असे अनेकांचे म्हणणे होते. हा आक्षेप हास्यास्पद नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या मृत ऊतकात दिसणारी गोष्ट जिवंत पेशीत खरोखर घडत होती, हे सिद्ध करणे आजही सोपे नाही.

बर्टा यांचे माहेरचे आडनाव फोगेल. जन्म म्युनिक येथे, १ डिसेंबर १९०६ रोजी, वडील न्यायाधीश. म्युनिक विद्यापीठात त्यांनी कार्ल फॉन फ्रिश यांच्या मार्गदर्शनाखाली १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. मधमाशांची भाषा उलगडणारे आणि १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच फॉन फ्रिश. बर्टा यांच्या प्रबंधाचा विषय वेगवेगळ्या शर्करांची चव आणि त्यांचे पोषणमूल्य मधमाशांच्या दृष्टीने कसे असते, हा होता. एर्न्स्ट हेही फॉन फ्रिश यांचेच विद्यार्थी. १९३४ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि एर्न्स्ट फ्रँकफुर्टच्या एडिंगर चेताविज्ञान संस्थेचे संचालक झाले. बर्टा यांना तेथे काम करण्याची मुभा होती, पगार नव्हता.

फ्रँकफुर्टमध्ये दोघांनी प्राणिसृष्टी वाटून घेतली. पृष्ठवंशीय प्राणी एर्न्स्ट यांच्याकडे, अपृष्ठवंशीय बर्टा यांच्याकडे. पत्नीच्या वाट्याला गौण भाग आला, असे वरवर पाहता वाटेल. परंतु तर्काच्या दृष्टीने पाहिले तर वाद मिटण्याची शक्यता याच भागात होती. एका माशातील पेशी हा अपवाद किंवा दोष म्हणून बाजूला ठेवता येतो. तशाच पेशी परस्परांपासून अतिशय दूर असलेल्या प्राण्यांमध्ये, मेंदूतील ठरावीक जागी, पुन्हा पुन्हा आढळल्या तर योगायोगाचे स्पष्टीकरण टिकत नाही. बर्टा यांनी १९३५ मध्ये अप्लिसिया या समुद्री गोगलगायीत आणि नंतर नेरीस या वलयी कृमीत अशा पेशी दाखवल्या. पुढे त्या संधिपाद प्राण्यांकडे वळल्या.

याच काळात जर्मनीतील विद्यापीठे बदलत होती. एप्रिल १९३३ च्या सरकारी सेवा कायद्यानंतर ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा ठरलेल्या अध्यापकांना काढून टाकणे सुरू झाले. एडिंगर संस्था ज्यांच्या नावाने चालते ते लुडविग एडिंगर स्वतः ज्यू होते. त्यांची कन्या टिली एडिंगर, जीवाश्मांच्या कवट्यांवरून प्राचीन प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राची संस्थापक, त्याच फ्रँकफुर्ट शहरात एका संग्रहालयात काम करत होती. तिला अखेर देश सोडावा लागला. मेंदूतील रसायनांवर काम करणाऱ्या मार्था फोग्ट १९३५ मध्येच ब्रिटनला गेल्या होत्या. शारर दांपत्य ज्यू नव्हते. त्यांच्यावर तसा थेट आघात नव्हता, आणि गप्प बसून संचालकपद टिकवता आले असते. तरीही नाझी राजवटीत राहणे अशक्य वाटल्याने त्यांनी जाण्याचे ठरवले. एर्न्स्ट यांना रॉकफेलर प्रतिष्ठानाची एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधाराने ते १९३७ मध्ये जेमतेम सामान आणि पैसे घेऊन अमेरिकेला गेले आणि परतले नाहीत.

अमेरिकेत राजकीय भीती संपली, पण बर्टा यांच्या दर्जात फरक पडला नाही. पती-पत्नीपैकी एकालाच नोकरी द्यायची, हा तेथील अनेक विद्यापीठांचा नियम किंवा रिवाज होता. नातेवाइकांची भरती रोखणे हा त्यामागचा सांगितलेला उद्देश. पण नोकरी गमावणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी पत्नीच असे. शिकागो, मग न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था, १९४० पासून क्लीव्हलंडचे वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ, १९४६ पासून डेन्व्हर येथील कोलोरॅडो विद्यापीठ : प्रत्येक ठिकाणी पद एर्न्स्ट यांचे होते. बर्टा यांना टेबल, सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळेत वावरण्याची परवानगी मिळे. क्लीव्हलंडमध्ये त्या ऊतकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत शिकवतही होत्या.

प्राणी विकत घेण्यासाठी निधी नव्हता. शिकागोत त्यांनी फळमाशी वापरली, कारण ती इतर प्रयोगशाळांतून सहज मिळे. न्यूयॉर्कमध्ये इमारतीच्या तळघरात झुरळे होतीच. पुढे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या प्रयोगप्राण्यांच्या पेट्यांबरोबर लुकोफिया मादेरी ही मोठी, संथ झुरळाची जात तेथे पोहोचली. आकार मोठा असल्याने सूक्ष्म शस्त्रक्रिया करणे सोपे आणि चपळता कमी असल्याने सांभाळणेही सोपे. बर्टा यांनी तिची वसाहत वाढवली आणि गाव बदलले तरी ती बरोबर नेली.

ही झुरळांची कथा अनेकदा गमतीने सांगितली जाते : पैसे नव्हते म्हणून झुरळे, आणि झुरळांतून शोध. मला हे सांगणे अपुरे वाटते. गोगलगाय, कृमी आणि कीटक हा क्रम फ्रँकफुर्टपासून ठरलेला होता. कोणता कीटक, एवढेच तळघराने ठरवले. आणि निधी नसल्याची किंमतही मोजावी लागतेच. ज्याला पद नाही त्याला स्वतःचे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत, मोठी उपकरणे मागता येत नाहीत, आणि पतीची बदली झाली की काम गुंडाळून पुन्हा मांडावे लागते.

झुरळात त्यांना काय दिसले? मेंदूच्या वरच्या मध्यभागात स्रावी चेतापेशींचा एक गट असतो. त्यांचे अक्षतंतू मागे कॉर्पोरा कार्डियाकापर्यंत जातात आणि कॉर्पोरा अलाटा ही ग्रंथी त्याच यंत्रणेला जोडलेली असते. आता पृष्ठवंशीय प्राणी पाहा : हायपोथॅलॅमसमधील स्रावी चेतापेशी, त्यांचे पोषग्रंथीच्या देठातून खाली जाणारे तंतू, आणि पोषग्रंथी. १९४४ मध्ये बर्टा आणि एर्न्स्ट यांनी संयुक्त लेखात या दोन यंत्रणा शेजारी ठेवल्या. कीटक आणि पृष्ठवंशीय यांचे सामाईक पूर्वज अतिप्राचीन. तरीही मेंदू आणि अंतःस्रावी ग्रंथी यांना जोडणारी रचना एकाच धर्तीची. मेंदू संप्रेरकांच्या मार्गाने शरीरावर नियंत्रण ठेवतो, ही कल्पना आता एका माशावर अवलंबून राहिली नाही.

त्या केवळ रचना पाहून थांबल्या नाहीत. अपक्व झुरळातून कॉर्पोरा अलाटा काढल्यावर ते वेळेआधीच प्रौढावस्थेकडे जाते, आणि प्रौढ मादीतून काढल्यास अंडी नीट वाढत नाहीत, हे त्यांनी चाळिशीच्या दशकात शस्त्रक्रियांनी दाखवले. १९४५ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षणही प्रसिद्ध केले : झुरळातील एक विशिष्ट चेता कापल्यावर तिच्या क्षेत्रातील अवयवांत गाठी वाढतात.

निर्णायक पुरावा रंगद्रव्याने आणि कात्रीने दिला. १९४९ मध्ये जर्मनीतील वोल्फगांग बार्गमान यांनी गोमोरी यांची रंगवण्याची पद्धत वापरली. तिच्यामुळे हायपोथॅलॅमसपासून पोषग्रंथीच्या मागील भागापर्यंत स्रावाची अखंड वाट दिसू लागली. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन पोषग्रंथीत तयार होत नाहीत. ती मेंदूत तयार होऊन तेथे साठतात, हे यातून पुढे आले. बर्टा यांनी १९५२ मध्ये झुरळावर प्रयोग केला. मेंदू आणि कॉर्पोरा कार्डियाका यांना जोडणाऱ्या चेता त्यांनी कापल्या. कापलेल्या जागेच्या मेंदूकडील बाजूस स्राव साचला. पलीकडचा साठा कमी झाला. पाटाला बांध घातल्यावर पाणी कोणत्या बाजूला तुंबते यावरून प्रवाहाची दिशा कळते, तसेच हे. ज्या कणांना मरणाऱ्या पेशीचा कचरा म्हटले जात होते, ते ठरावीक दिशेने वाहत होते. १९५३ मध्ये नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात चेतास्रावावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तोवर हा विषय वादग्रस्त कल्पनेच्या पलीकडे गेला होता.

भारतातही ही संशोधनरेषा लवकर पोहोचली. केरळमधील के. के. नायर यांनी इफिटा लिंबाटा या ढेकणाच्या गणातील कीटकाच्या चेतास्रावी यंत्रणेवरचे संशोधन १९५५ मध्ये बायॉलॉजिकल बुलेटिन या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केले. शारर यांच्या झुरळांवरील लेखमालेतील लेखही तेथेच येत होते. मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम् यांच्या प्रयोगशाळेने पुढे कवचधारी प्राणी आणि मृदुकाय प्राण्यांवर याच स्वरूपाचे काम केले.

जुने संदर्भ वाचताना विद्यार्थ्यांनी नावाचे आद्याक्षर तपासावे. 'शारर, १९२८' म्हणजे एर्न्स्ट आणि 'शारर, १९५२' म्हणजे बर्टा. केवळ आडनाव वाचले तर कीटकांवरचे सारे कामही नकळत पतीच्या खात्यात जमा होते, कारण पद आणि प्रयोगशाळा त्यांच्या नावावर होती.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एर्न्स्ट शरीररचनाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, आणि या नव्या संस्थेने पती-पत्नीचा जुना रिवाज बाजूला ठेवून बर्टा यांना पूर्ण प्राध्यापकपद दिले. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. डॉक्टरेटला २५ वर्षे झाली होती. १९६३ मध्ये दोघांचा चेता-अंतःस्रावशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये एर्न्स्ट यांचा फ्लोरिडात बुडून मृत्यू झाला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे बर्टा यांनी हंगामी विभागप्रमुख म्हणून काम पाहिले. १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९८३ चे राष्ट्रीय विज्ञान पदकही त्यांना मिळाले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर त्या स्रावाचे कण पेशीतून नेमके कोठे आणि कसे बाहेर पडतात, याकडे वळल्या. औपचारिक निवृत्तीनंतर, वयाच्या सत्तरी-ऐंशीत, त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला : चेतापेशींची पेप्टाइडे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवरही परिणाम करतात का? त्यासाठी निवडलेले प्राणी पुन्हा अपृष्ठवंशीयच होते, समुद्री शिंपले आणि तेच लुकोफिया झुरळ. १९९५ पर्यंत त्या प्रयोगशाळेत येत होत्या. त्याच वर्षी २३ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. झुरळांच्या एका जातीला त्यांच्या सन्मानार्थ एस्काला शारराए असे नाव देण्यात आले आहे.