परभणीचा रुग्ण आणि जालन्याचे इस्पितळ

मराठवाड्यातील मनोरुग्णसेवेचा इतिहास शोधू लागलो की आम्हांस प्रथम जालन्याकडे वळावे लागते. निजामी राजवटीत मनोरुग्णांची सोय १८९५ साली झाली, तीही हैदराबादच्या तुरुंगाच्या आवारात. रुग्ण आणि कैदी यांत राज्यकर्त्यांना फारसा भेद वाटत नसावा. पुढे हे इस्पितळ जालन्यास आले. परभणी व जालना ही एकाच रेल्वेमार्गावरील गावे. परभणीच्या रुग्णाला निदान वाट तरी होती. १९५३ साली इस्पितळ हैदराबादला, एर्रागड्डा येथे हलविण्यात आले आणि तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. इस्पितळ एका राज्यात, रुग्ण दुसऱ्या राज्यात! ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालये शेकडो किलोमीटर दूर. मजुरी बुडवून, रुग्णाला सावरीत हा प्रवास कोणी करावा? ती पोकळी देवऋषी आणि अंगारेधुपारे यांनी भरून काढली. याचा दोष केवळ त्या कुटुंबांच्या अज्ञानाला देणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

विनयपिटकाच्या महावग्गात गग्ग नामक भिक्खूची हकीकत आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथाचे स्मरण त्याला कधी राही, कधी राहत नसे. भगवंतांनी त्याला दंड केला नाही. गग्ग येवो वा न येवो, संघाने आपले कर्म करावे, अशी संमती देण्यास सांगितले. त्याच ग्रंथात चांगल्या रुग्णाचा एक गुण सांगितला आहे: आजार वाढतो, उतरतो की तसाच राहतो, हे त्याने शुश्रूषा करणाऱ्यास खरेखरे सांगावे. मानसोपचारतज्ज्ञापुढे बसणाऱ्यास आजही हेच उपयोगी पडते. झोप किती लागते, औषधाने काय त्रास होतो, मरणाचे विचार येतात काय, हे लपविले तर निष्णात डॉक्टरही अर्धाच उपचार करू शकतो. अर्थात सांगणाऱ्याचे ऐकून घेणारा डॉक्टर हवा. तो तसा नसेल तर दुसऱ्याकडे जाण्यात संकोच कसला?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. २०१५ साली शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात परभणी होती. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन मनाची विचारपूस करू लागली. मात्र आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या मदतीचा हिशेब सातबाऱ्यावरून होतो, आणि ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या मजुराचे दुःख कोणत्या रकान्यात मांडावयाचे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला. त्यात सातबारा विचारलेला नाही. २०२२ पासून १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

अलीकडे जालन्यातच पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे. परभणीहून तेथे जाणारी रेल्वे तीच आहे.